तांडेल मास्तरांची काळी मुशी

तांडेल मास्तर दारू पितात, हे नंदुरबारात ज्याला त्याला माहीत होतं. ते पीत नाहीत, हे फक्त तिघींना माहीत होतं: मला, दारू गाळणाऱ्या गोमीला आणि बरणीतल्या मुशीला. त्यातली मुशी बोलणार नव्हती. गोमीला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. आणि मी बोलले नाही, कारण माझ्यावर कामं होती आणि लोकांचे गैरसमज दुरुस्त करण्याचा पगार मला मिळत नव्हता. आज तेवढं सोपं उत्तर मला पुरत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी तेव्हा गावातल्या एका लहान दवाखान्यात नर्स होते. बाळंतपणं, ड्रेसिंग, औषधाचं कपाट आणि त्याची किल्ली, एवढं माझ्याकडे. मास्तर इंग्रजी शाळेत शास्त्र आणि ड्रॉइंग शिकवायचे. आमच्या ओट्याला लागून त्यांचा ओटा. लढाई सुरू होण्याआधीची ही गोष्ट.

मास्तर मालवणकडचे, गाबितांच्या घरातले. घरात सगळे दर्यावर जाणारे; शाळेत गेलेले हेच पहिले. नोकरीसाठी फिरत फिरत ते आमच्याकडे आले. जिथे सगळ्यात मोठं पाणी म्हणजे तापी आणि तीही मे महिन्यात खडक दाखवते, अशा मुलखात हा माणूस दहा वर्षं राहिला. सावळे, काटक, मान किंचित पुढे. अनवाणी चालायचे, पण छत्री कायम बगलेत. पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी उजेडाकडे धरून बघायचे. मासळी खात नसत. सुरतेकडून येणारा सुका बोंबील मी एकदा देऊ केला तर नाकाला हात न लावता म्हणाले, "नर्सबाई, हा मेल्यालाही बरेच दिवस झालेत."

त्यांच्या तोंडी एक प्रश्न कायम असायचा. "मोजलंस का?" पोरगं म्हणालं, सर, आज फार ऊन आहे, तर, मोजलंस का? गवळी म्हणाला, शेरभर दूध आहे, तर, मोजलंस का? मला एकदा म्हणाले, तुमच्या ओट्याची पायरी उंच आहे, बाळंतिणीला जड जाते. मी म्हटलं, उंच कसली? ते घरातून दोरा घेऊन आले. पायरी खरंच चार बोटं उंच निघाली. मी गवंड्याकडून ती कमी करून घेतली.

खोली ते वावेत मोजायचे. दोन्ही हात पसरून होईल तेवढी दोरी म्हणजे एक वाव. दर्यावर्दी लोकांचं माप. माणसंही त्याच मापात. शाळेचे हेडमास्तर, त्यांच्या मते, अर्धा वाव. "पाय भिजतात, बस." आमचे डॉक्टर सात वाव. मी विचारलं, आणि मी? त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पंधरा. पण तळाला कातळ आहे." मला राग आला नाही. माप बरोबर होतं.

मुलांना समुद्र शिकवायचा तर ज्यांनी तापीपलीकडे काही पाहिलं नाही त्यांना तो सांगणार कसा? मास्तर वर्ग घेऊन गावाबाहेरच्या विहिरीवर गेले. दोरीला दगड बांधून सोडला. तळाला टेकल्यावर दोरी मोजली, दहा वाव. "आता अशा शंभर विहिरी एकाखाली एक बांधा," ते म्हणाले. "शंभराव्या विहिरीच्या तळाशी दिवस नाही, रात्र नाही. तिथे माझी मुशी राहायची." पोरं हसली. मास्तरांनी त्यांना विहिरीत डोकावायला लावलं आणि ओळीने विचारलं, काय दिसतं? काळोख, सर. "मग? हसताय काय?"

ती मुशी म्हणजे दीड वीतभर लांब, काळी. मुशी म्हणजे शार्क हे मला त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, शार्क माणसं खातो ना, ही तर माझ्या लाटण्याएवढी. ते म्हणाले, हिच्या जातीचं हेच पूर्ण माप. बरणी पांढऱ्या काचेची, बुचावर मेण. आत ती शेपटीवर उभी. पाठीवर दोन पर आणि प्रत्येक पराच्या पुढे एक काटा, बाभळीसारखा. डोळे अंगाच्या मानाने फार मोठे. पोट पाठीपेक्षाही काळं. मास्तर सांगायचे की काळोखातून वर येताना हे पोट मंद उजळतं, वरच्या अंधुक उजेडात तिची सावली खालून बघणाऱ्याला दिसू नये म्हणून. मी काही ते पाहिलं नाही, त्यांनीही नाही. ज्याने पाहिलं होतं तो त्यांचा धाकटा भाऊ, पांडुरंग.

पांडुरंग समुद्राच्या तळावरच्या टेलिग्राफच्या तारा दुरुस्त करणाऱ्या एका जहाजावर भट्टीत कोळसा टाकायला होता. तुटलेली तार शोधायला लोखंडी आकडे तळापर्यंत सोडायचे आणि ओढत आणायचे, असं ते काम. एका खेपेला रात्री आकड्यात चिखलाच्या गोळ्याबरोबर ही मुशी वर आली, पोट अजून उजळत होतं. बाकीचे फेकून द्यायला निघाले. पांडुरंगाने जहाजाच्या डॉक्टरकडून बरणी आणि स्पिरिट मागून घेतलं आणि रजेवर येताना ती भावासाठी आणली. "शिकलेला आहेस ना," म्हणाला, "मग हिचं नाव सांग." मास्तरांना सांगता आलं नाही. पुढच्या सफरीत पांडुरंग तापाने गेला. एडनच्या वाटेवर त्याला समुद्रातच सोडलं. घरी जो कागद आला त्यावर जहाजाचं नाव होतं, कप्तानाची सही होती, आणि पांडुरंगाचा फक्त नंबर.

हे सगळं मास्तरांनी मला एका दमात सांगितलं, बरणी पुसता पुसता. पुन्हा कधी सांगितलं नाही. पण त्यांना काय हवं होतं ते मला तेव्हाच कळलं. ही जात कुणाच्या यादीत नाही असं त्यांना वाटत होतं. तसं ठरलं तर कुठल्या तरी पुस्तकात एक ओळ छापली जाईल, आणि सापडली कुणाला, तर पांडुरंग तांडेल याला. तेवढंच. नंबराच्या जागी नाव.

एक दिवस मास्तर दुपारी दवाखान्यात आले. बगलेत छत्री, हातात बरणी.

"नर्सबाई, एक काम होतं. ही वयात आलेली आहे की पिल्लू आहे, ते सांगता येईल?"

"मी बायकांची बाळंतपणं करते, मास्तर."

"म्हणूनच आलो. मुंबईच्या एका संग्रहालयातल्या साहेबांना लिहितोय, ते म्हणतील, दुसऱ्याच कुठल्या तरी मोठ्या मुशीचं पिल्लू आहे. चिरायचं नाही. हाताने बघता येतं का?"

डॉक्टर फेरीवर गेले होते. मी हात धुतले, मुशी ताटलीत घेतली. स्पिरिटने ती घट्ट झालेली, ओल्या चामड्यासारखी. दोन बोटांनी पोट चाचपलं. मला हसू येत होतं, पण बोटांना हसू येत नाही. उजवीकडे एक गाठ, डावीकडे एक, लांबट.

"पोटुशी आहे," मी म्हटलं. "दोन आहेत."

मास्तर खुर्चीवर बसले. मग उठून वही काढली. "नक्की? मोजलंत?"

"दोन म्हणजे दोन. तीन मोजायला जागा नाही."

त्यांनी ते वहीत लिहिलं. नंतर त्या साहेबांना जे पत्र गेलं त्यात चित्र होतं, दातांची संख्या होती, आणि अनुभवी सुईणीने तपासून मादी गाभण असल्याचं सांगितल्याचं वाक्य होतं. हे कळल्यावर मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, खोटं तर लिहिलेलं नाही.

पत्राला उत्तर आलं नाही. उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते वेगळं सांगायला नको. बुचाला कितीही मेण लावा, बरणीतलं स्पिरिट उडायचं. मुशीचं नाक उघडं पडलं. मास्तरांनी सुताराकडून पॉलिशचं स्पिरिट आणून पेल्यात बरणीतल्या थोड्या स्पिरिटशी मिसळून पाहिलं, तर सगळं दुधासारखं पांढरं झालं. मग ते माझ्याकडे आले.

"एक बाटली स्पिरिट मिळेल का? चांगलं, दवाखान्याचं."

आमच्याकडे स्पिरिट परवान्यावर येत असे आणि आधीचा कंपाउंडर तेच पिऊन नोकरीला मुकला होता. माझ्याकडे किल्ली आली ती त्यामुळेच. एक बाटली दिली असती तर काही आभाळ कोसळलं नसतं, डॉक्टरांना विचारलं असतं तर तेही हो म्हणाले असते. पण त्या दिवशी गळवांची माणसं दारात बसली होती, आणि मी तोडून बोलले.

"इथे जिवंत माणसांच्या फोडांना पुरत नाही, मास्तर. मेलेल्या मासळीला कुठून देऊ?"

"बरोबर आहे," ते म्हणाले. छत्री बगलेत मारली आणि गेले. पुन्हा त्यांनी मला कधीच काही मागितलं नाही.

त्यानंतर गोमी आली.

गोमी कोरीट गावाजवळच्या भिल्लांच्या वस्तीतली. आठवडे बाजारात सरपणाच्या मोळ्या आणि डिंक आणायची आणि मोळीच्या पोटात मोहाच्या दारूच्या बाटल्या. तिच्या मुलीचं आडवं मूल मी सोडवलं होतं, म्हणून ती मला ओळखायची. तिच्याकडे जायचं मास्तरांना कुणी सुचवलं कोण जाणे. साधी मोहाची चालणार नाही, दोनदा गाळलेली हवी, इतकं त्यांनी तिला समजावलं. पहिली बाटली आली तेव्हा त्यांनी माझ्याच ओट्यावर बशीत थोडी ओतली आणि काडी लावली. निळी ज्योत बशीच्या काठाकाठाने फिरली आणि विझली तेव्हा तळाला जेमतेम ओल राहिली.

"दवाखान्याच्या जवळपास आहे," ते म्हणाले. मला टोमणा मारायचा त्यांचा हेतू नसावा.

दुसऱ्या बाटलीची तशीच परीक्षा झाली. तिसरी गोमी स्वतः घरी घेऊन आली, कारण बाजारात शिपाई फिरत होता. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, म्हणून त्यांचं बोलणं ऐकलं.

"मास्तर, एवढी दारूनं काय करतस तुम्ही?" गोमी विचारत होती. "पितस नही, ते माले दिखस. पिणारानं तोंड मी वळखस."

मास्तरांनी आतून बरणी आणून तिला दाखवली. गोमीने वाकून पाहिलं.

"हे काय शे?"

"भावाचं आहे. माझ्या धाकट्या भावाचं."

"भाऊ कोठे शे?"

"समुद्रात. मेला तो. त्याला पाण्यात सोडला."

"आणि ही दारू त्याले?"

मुशीची जात, साहेबांचं पत्र, यादीतली ओळ, हे सगळं गोमीला सांगायला किती वेळ लागला असता. "हो," ते म्हणाले. "त्याच्यासाठीच म्हण."

गोमीने बाटलीचं बूच काढलं, चार थेंब जमिनीवर सोडले, काही पुटपुटली आणि बाटली त्यांच्या हातात दिली. ती गेल्यावर मी म्हटलं, "बशी देऊ का? मोजायची असेल ना?"

"दोनदा मोजलंय," मास्तर म्हणाले. "तिसऱ्यांदा मोजणं म्हणजे त्या बाईचा अपमान, नर्सबाई."

इतक्या वर्षांत ते न मोजता काही घेताना मी तेव्हाच पाहिलं. मला बरं वाटलं, हे कबूल करते. माणूस जरा सैल झाला, असं वाटलं.

पुढे वर्षभर दर बाजाराला बाटली येत राहिली. बरणीतली पातळी मास्तर काचेवरच्या रेघेशी राखत. थोडी जुनी काढायची, नवी घालायची. मुशीला हात लावायचे नाहीत. हात लावला की कातडीचा रंग जातो म्हणायचे. आणि गावाला विषय मिळाला. मास्तरांच्या धोतराला मोहाचा वास येतो, हे पहिल्यांदा वर्गातल्या पोरांनी घरी सांगितलं. मग बाजारात कुणी गोमीच्या मोळीशी त्यांना पाहिलं. मास्तरांनी खुलासा केला नाही असं नाही. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं तेव्हा सगळं खरं सांगितलं. हेडमास्तर पुण्याकडचे, विनोदी म्हणून प्रसिद्ध. त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर विचारलं, "काय हो तांडेल, तुमचा मासा आठवड्याला बाटलीभर पितो, मग चाखणा तुम्हीच होता की काय?"

आमचे डॉक्टर हे हसत सांगत आले. मीही हसले. त्या वेळी शेजारच्या ओट्यावर मास्तर दिवाबत्ती करत होते, त्यांनी ऐकलं असेल.

शाळेच्या कमिटीने ताकीद दिली. दारू बंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा मास्तर बघू. मास्तरांनी उत्तर दिलं की साहेबांचं पत्र येईपर्यंत बरणी भरलेली ठेवावी लागेल, नंतर एक थेंबही घेणार नाही. पत्र येईल यावर कमिटीचा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर माझाही नव्हता.

आणि पत्र आलं. वैशाखात, ऐन उन्हात. मास्तर पोस्टातून सरळ दवाखान्यात आले, डोक्यावर छत्री उघडायचीही शुद्ध नव्हती. इंग्रजी पत्र त्यांनी मला मराठीत वाचून दाखवलं. साहेब विलायतेला रजेवर होते, म्हणून उशीर. चित्रावरून पाहता अशी मुशी आमच्या यादीत दिसत नाही. गाभण असल्याची नोंद विशेष मोलाची. नमुना ताबडतोब आणि काळजीपूर्वक पाठवावा. नवी जात ठरल्यास शोधणाऱ्याचं नाव नोंदीत अवश्य येईल.

"सुईणीचं मोलाचं निघालं बघा," मास्तर म्हणाले. त्यांना हसताना मी फारसं पाहिलेलं नव्हतं. वरचा एक दात नव्हता हे तेव्हा कळलं.

त्यांनी कल्हईवाल्याकडून पत्र्याचा डबा करून घेतला. भुसा आणला. ओल्या कापडात गुंडाळून, कापड स्पिरिटात भिजवून, डबा झाळून हवाबंद करायचा, असं ठरलं. कापडासाठी मी दवाखान्यातलं गॉज घेऊन गेले, न मागता. रविवारची सकाळ होती. मास्तर अंघोळ करून बसले होते. बुचाचं मेण कापलं, बरणी आडवी केली, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत मुशी घेतली.

ती ओंजळीत आली आणि राहिली नाही. बोटांच्या फटींतून खाली गेली. कातडी भिजलेल्या कागदासारखी सुटली. आतलं मांस लापशीसारखं झालं होतं. पाठीचा कणा आणि ते दोन काटे तेवढे हातात राहिले. पोट फाटलं आणि त्यातून दोन पिल्लं ताटलीत पडली, बोटाच्या पेराएवढी. दोनच होती.

मी बशी आणली. त्या आठवड्याची बाटली खिडकीत होती. बशीत ओतली, काडी लावली. काडी चुर्र करून विझली. दुसरी लावली, तीही विझली. मग मास्तर म्हणाले, "पुरे."

पिल्लांना अजून थोडा आकार होता. मी उठले, दवाखान्यात गेले, कपाट उघडलं. मागच्या रांगेत अडीअडचणीसाठी म्हणून मी तीन बाटल्या जपून ठेवल्या होत्या. कुणाला दिल्या नव्हत्या, फोडांनाही नाही. बुचं वाळून आकसली होती. दोन रिकाम्याच होत्या आणि तिसरीत बोटभर. वर्षभरात उडून गेलं होतं सगळं. मी ते बोटभर स्पिरिट इंजेक्शनच्या बाटलीत घेऊन आले. पिल्लं त्यात घातली. दुसऱ्या दिवशी बाटलीत नुसता गढूळपणा होता.

मास्तरांनी साहेबांना पत्र लिहिलं. पोस्टात टाकण्याआधी मला दाखवलं. त्यात मोहाचं काही नव्हतं, दवाखान्याचं नव्हतं, गोमीचं नव्हतं. नमुना खराब झाला. चूक माझी. मी मोजलं नाही. एवढंच.

मला मात्र राग आला होता. स्वतःचा जो आला होता तोही मी गोमीवर काढायचं ठरवलं. बाजाराच्या दिवशी मास्तरांबरोबर गेले. म्हटलं, तुम्ही बोलणार नाही, मी विचारते.

"गोमी, दारूत पाणी घालतेस?"

तिने लपवलं नाही. उलट तिचं तोंड खुललं, जणू कुणीतरी शेवटी विचारलं.

"टाकस ना, बाई. पहिल्या दोन बाटल्यांमा नही टाकं. मंग मास्तरनी सांगं, भाऊसाठी शे. दोनदा काढेल दारू लई कडक ऱ्हास. जित्ता मानूस खाकरस, मरेल मानूसना गळा जळी जाई ना! आणि तो शे खाऱ्या पानीमा. तठे त्याले गोडं पानी कोन देई? आमनी विहीरनं पानी टाकं मी. निम्मं दारू, निम्मं पानी. कोरीटनं पानी लई गोडं शे."

माझ्या तोंडात सगळे शब्द तयार होते. मास्तरांनी माझ्या कोपराला हात लावला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

"बरं केलंस, गोमी," ते म्हणाले. "त्याला गोड लागलं असेल."

"लागं ना?"

"लागलं."

आणि त्यांनी त्या आठवड्याची बाटली घेतली. पुढच्या आठवड्याचीही घेतली. आता घेण्याचं काही कारण उरलं नव्हतं. बंद केली असती तर कमिटीने नोकरीही राहू दिली असती. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, हा वेडेपणा आहे. बरणी रिकामी आहे, गाव बोलतंय, नोकरी जाईल, आणि कशासाठी, तर एका बाईला वाईट वाटू नये म्हणून?

मास्तर पेला उजेडाकडे धरून पाणी बघत होते. "बंद केली तर ती विचारेल का, नर्सबाई. मग मला सांगावं लागेल. माझ्या भावाला वर्षभर कुणीतरी गोड पाणी पाठवत होतं. ते चुकलं असं तिला कसं सांगू?"

जूनमध्ये शाळेने दुसरे मास्तर घेतले. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत, आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, हेडमास्तरांनी पुन्हा तो चाखण्याचा विनोद केला. मी हसले नाही. त्याने कुणाचं काही भलं झालं नाही.

मास्तर निघाले त्या सकाळी मी स्टेशनवर गेले होते, कारण त्यांच्या घराची किल्ली मालकाला द्यायची जबाबदारी माझ्यावर होती. सुरतेची गाडी. एक ट्रंक, एक वळकटी, छत्री. मांडीवर बरणी, भोवती धोतराचं फडकं गच्च गुंडाळलेलं. शाळेतलं कुणी आलं नव्हतं. मी म्हटलं, बरणी कशाला नेताय, मला द्या, कापसाला होईल. ते म्हणाले, "थांबा. गोमी येईल."

ती आली. डोक्यावर मोळी नव्हती, नुसती एक बाटली पदराखाली धरून एवढं अंतर चालत आली होती. खिडकीशी उभी राहिली.

"भाऊले लई चालनात ना, मास्तर?"

"हो. घरी नेतो."

"मंग ही लई जा. वाटमा त्याले लागी."

मास्तरांनी बाटली घेतली. फडक्याचं वरचं टोक थोडं बाजूला केलं, बूच काढलं आणि तिच्यासमोर ती सगळी बरणीत ओतली. मी डब्याच्या पायरीवर होते, मला आतलं दिसत होतं. बरणीत काही नव्हतं, पांढरी काच आणि चढत जाणारं पाणी. शेवटचे चार थेंब राहिले ते मास्तरांनी हात खिडकीबाहेर काढून रुळांमधल्या खडीवर सोडले, गोमी सोडायची तसे. मग बूच लावलं आणि फडकं पुन्हा घट्ट केलं.

"मोजलंत का?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"भरलीय," मास्तर म्हणाले.

गाडी हलली. गोमीने हात जोडले, मास्तरांना नाही, बरणीला. मास्तरांच्या लक्षात आलं. त्यांनी बरणी दोन्ही हातांनी धरून खिडकीत उचलली आणि गाडी प्लॅटफॉर्मबाहेर जाईपर्यंत तशीच वर धरून ठेवली, सांडू नये म्हणून अगदी सरळ.